भुईनळ्याच्या खोक्यावरचा शब्द

चाचा, तुमची बातमी आली तेव्हा मी शाळेत होते. मठाच्या ओसरीत पोरींना बाराखडी घालून देत होते. मामंजी दुकान उघडं टाकून आले आणि खांबाला हात लावून उभे राहिले. "दस्तगीर गेला," एवढंच म्हणाले. माझे सासरे मुळातच मोजकं बोलतात, पण त्या दिवशी त्यांना ते दोन शब्दही जड गेले. मी पोरींना घरी पाठवलं आणि तुमच्या घरी चाचीजवळ येऊन बसले. तुम्हाला उचललं तेव्हा तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ अजून आहे.

आज नऊ दिवस झाले. गाव तुमच्याबद्दल बोलतंय. तुमचा भुईनळा कसा पुरुषभर उंच जायचा, मधेच कधी फुसका निघायचा नाही, अख्ख्या तेरखेड्यात दारूकामाला असा हात नव्हता, असं जो तो सांगतो. ते खरंच आहे. पण तुमचं माझं नातं दारूकामाचं नव्हतं, शब्दांचं होतं, आणि ते आमच्या दुकानाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. म्हणून तुमच्याशीच बोलायला बसले आहे.

जगाची दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी मी लग्न होऊन सोलापुराहून इथं आले. सतरा वर्षांची होते. माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. त्यांनी मला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकवलं, आणि सासरी निघताना छापखान्यातला एक जुना, पुठ्ठा गेलेला इंग्रजी शब्दकोश माझ्या ट्रंकेत घातला. उशीएवढा जाड. इथं आल्यावर तो ट्रंकेतच राहिला. कुणी बंदी केली नव्हती, पण त्याचं इथं कामच नव्हतं. सोलापूर इंग्रजांचं, इथं राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, घरात आमची कानडी, दुकानात मराठी. एकदा मी तो काढून बसले होते, तर मामंजी हसून म्हणाले, "अगं, इथं इंग्रजी बोलशील कुणाशी? पाटलाची सहीसुद्धा उर्दूत असते." मीही हसले आणि कोश पुन्हा लुगड्यांखाली ठेवला. सहा महिने तो तिथंच होता. माझ्या आत काहीतरी रोज थोडं थोडं मिटत चाललं होतं, पण ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. खायला-प्यायला होतं, माणसं चांगली होती, आमचे हे मालासाठी सारखे फिरतीवर असले तरी. तक्रार कशाची करायची?

मग एका बाजाराच्या दिवशी तुम्ही खोक्यांसाठी पुठ्ठा आणि सुतळी न्यायला आलात. मी आतल्या दाराशी डाळ निवडत होते.

"आप्पा, तुमची सून इंग्रजी शिकल्याली हाय म्हणं?"

"कोण म्हणालं?" मामंजींनी विचारलं.

"गावात काय लपून ऱ्हातंय व्हय? एक लफ्ज पायजे होता. खुशीला इंग्रजीत काय म्हणत्यात, तेवढं इचारा."

बार्शीच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला सांगितलं होतं की मद्रासकडचा माल यायला लागलाय, त्याच्या खोक्यावर इंग्रजी नाव असतं, आणि गिऱ्हाईक ते बघूनच हात घालतं. तुमच्या खोक्यावर नाव नव्हतंच. मामंजींनी थोडा विचार केला आणि आत हाक मारली. मी पडद्याआडून म्हणाले, "हॅपी." त्या घरात माझ्या तोंडून निघालेला तो पहिला इंग्रजी शब्द.

तुम्ही तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवलात. मग विचारलंत, "ह्यो कशापासून झालाय?"

मला प्रश्नच कळला नाही. "आनंदी असलेला, असा अर्थ होतो," मी म्हणाले.

"ते झालं वरचं. आत काय भरलंय, ते इचारतो." पडद्याच्या फटीतून मला तुमचा वर केलेला डावा हात दिसला. दोन बोटं नव्हती. "बेटी, आमच्या धंद्यात जिन्नस नुसता नावानं घेत न्हाईत. कोळसा म्हणलं की इचारायचं, तुरकाठीचा का बाभळीचा. म्या एकदा न्हाय इचारलं, हे बग."

शाळेत मला असं कुणी विचारलं नव्हतं. शब्द, त्याचा अर्थ, पाठ करा, संपलं. त्या दुपारी मी कोश काढला आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटी बारीक टायपात जे छापलेलं असतं, जे मी आजवर ओलांडून जात होते, ते पहिल्यांदा वाचलं. हॅपी हा शब्द हॅप या जुन्या शब्दावरून आला होता, आणि हॅप म्हणजे नशीब, आपोआप घडून येईल ते.

पुढच्या बाजाराला तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मान हलवलीत. "मंग नगं. दारूच्या खोक्यावर नशीब लिवलं तर माणूस खोका हातात बी धरायचा न्हाय."

मामंजी मोठ्यानं हसले. मला मात्र राग आला. इतकं शोधून काढलेलं तुम्ही एका वाक्यात टाकून दिलंत. मी पडद्याआडून म्हणाले, "पण चाचा, सुख नशिबानंच येतं की. शब्दात चूक काय आहे?"

"नशिबानं येतंय ते येगळं. म्या खुशी हातानं करतो."

हा आपला पहिला वाद. तो शेवटपर्यंत मिटला नाही.

त्यानंतर दर बाजाराला तुम्ही यायचात आणि मी एक शब्द तयार ठेवायचे. दुपारी जेवणं आटोपली की कोश घेऊन बसायचे, आणि आता मामंजीच विचारायचे, "काय सापडलं?" तिसऱ्या-चौथ्या बाजाराला त्यांनी पडदा खुंटीला अडकवून टाकला. म्हणाले, "आवाज नीट येत नाही." मी उंबऱ्याच्या आत, तुम्ही बाहेर गोणीवर, मध्ये मामंजींचा तराजू.

फन हा शब्द मूळचा फसवण्यावरून आलाय, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात की तो बार्शीच्या व्यापाऱ्याला भेट द्यावा, आमच्या कामाचा नाही. चिअर म्हणजे पूर्वी नुसतं तोंड, चेहरा. तो तुम्हाला आवडला. भुईनळा पेटला की तुम्ही म्हणे कधी नळ्याकडं बघत नसायचात, बघणाऱ्या पोरांच्या तोंडांकडं बघायचात. पण व्यापाऱ्याला तो शब्द रुचला नाही. सिली म्हणजे आज वेडगळ, पण फार पूर्वी त्याचा अर्थ होता सुखी, देवाची कृपा असलेला. मग भोळा, मग बिचारा, मग बावळट, अशी त्याला उतरती कळा लागली. त्यावर मामंजी तराजू खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे सुखी माणसाला लोकांनी शेवटी येडा ठरवला." आणि तुम्ही दोघं इतके हसलात की गिऱ्हाईक दारात थांबून राहिलं.

तुम्हीही मला शिकवलंत. मजा हा शब्द मी जन्मभर वापरला होता. तुम्ही सांगितलंत की फारसीत त्याचा अर्थ चव. "मजा तोंडाला लागती, बेटी. खुशी लागत न्हाय, ती आत जाती."

मेरी या शब्दाचं मात्र विसरणार नाही. त्याचं मूळ थोडक्यात संपणारं, आखूड, असं निघालं. ज्यात वेळ चटकन जातो ते. मला वाटलं तुम्ही हाही टाकून द्याल. तुम्ही तो मला पुन्हा म्हणायला लावलात. मग म्हणालात, "खरं बोलणारा लफ्ज हाय. माझा नळा शंभर आकडे म्हणंस्तवर बी टिकत न्हाय. माझा थोरला पोरगा बी तसाच व्हता. सहा वर्सं." तुम्हाला मुलगा होता हे मला तेव्हा कळलं. पटकीत गेला होता. मामंजींना ठाऊक असणार, त्यांनी मान खाली घातली. तेव्हा मला विचारायचं सुचलं नाही, आणि पुढं कधी तो विषय काढायचं धाडसही झालं नाही. चाचा, मी विचारायला हवं होतं. निदान नाव तरी.

शेवटी दोन शब्द राहिले. ग्लॅड आणि डिलाइट. ग्लॅड म्हणजे मुळात लखलखीत, चकाकणारा. मी हरखून गेले होते, कारण आतषबाजीला याहून नेमका शब्द कुठला? डिलाइटचं मूळ भुलवण्यात, मोह घालण्यात होतं. त्यात उजेडाचा काही संबंध नव्हता. कोशात लिहिलं होतं की उजेड म्हणजे लाइट, त्या शब्दासारखा ऐकू येतो म्हणून लोकांनी चुकून त्याचीच अक्षरं याच्यात घुसवली, आणि ती चूक तशीच राहिली. मी हे तुम्हाला हसण्यासाठी म्हणून सांगितलं.

"ह्योच," तुम्ही म्हणालात.

"अहो चाचा, ती चूक आहे. ग्लॅडमध्ये खरा उजेड आहे."

"असंल. पर चुकून आल्याला उजेड बी उजेडच. त्यो काढून टाकला का त्या लोकांनी? न्हाय ना? ठिवून घेतला. ह्योच पायजे."

मी दोन आठवडे भांडले. तुम्ही ऐकलं नाहीत. मग मी बोरूनं कागदावर डिलाइट लिहिलं, आणि सुताराला देताना उलटं लिहून दिलं, कारण ठसा उलटा कोरला तरच सुलटा उमटतो, हे छापखान्यातल्या माणसाच्या मुलीला माहीत होतं. हिरव्या शाईचा तो ठसा त्या दिवाळीत बार्शीला गेला. आणि पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितलं होतं, पण नीट सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला रडू येत होतं. सोलापुरात माझ्या वडिलांनी धाकट्या भावंडांसाठी भुईनळे घेतले. खोक्यावरचं अक्षर बघितलं आणि दुकानातच थबकले. त्यांचं पत्र आलं: "यातल्या जी अक्षराची शेपटी तुझी आहे. तुझं बरं चाललंय एवढं त्यावरून कळलं." इतके महिने मी त्यांना सगळं ठीक आहे म्हणून लिहीत होते, आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता. तुमच्या खोक्यावरून बसला.

पुढच्या दोन वर्षांत सगळं फिरलं. रझाकारांची माणसं तुमच्याकडं दारू मागायला आली, धर्माच्या आणा घातल्या. तुम्ही त्यांना दोन दिवसांनी या म्हणालात, आणि दुपारची नमाज झाल्यावर घरातली होती नव्हती तेवढी दारू पाण्यात कालवून टाकलीत. अख्ख्या सालाची मेहनत. मामंजींनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आप्पा, माझ्या दारूला एकच काम ठावं हाय. पोरं हसवायचं. दुसरं शिकवल्यालं न्हाय." भिजली म्हणून सांगितल्यावर त्या माणसांनी तुम्हाला मारलं, हे चाचीनं सांगितलं. तुम्ही म्हणायचात, पाय घसरला.

मग हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य चार-पाच दिवसांत संपलं. मारुतीच्या पाराजवळ गुलाल उधळला. मलाही आनंद झाला होता, ते लपवत नाही. पण त्याच आठवड्यात आसपासच्या गावांकडून मुसलमानांच्या जळत्या घरांचा धूर दिसायला लागला. चाची सहा दिवस आमच्या धान्याच्या खोलीत लपून होती. तुम्ही मात्र आला नाहीत. "घर सोडलं तर म्हणतील, कायतरी केलं असंल."

लोक फौजेच्या अधिकाऱ्याला घेऊन तुमच्या दारात गेले. हा बाँब करतो, म्हणाले. आत भिजल्या दारूची पिंपं सापडली आणि तो ठसा. उलटी अक्षरं बघून कुणीतरी म्हणालं, ही गुप्त लिपी आहे. मामंजी धावत घरी आले. धापा टाकत मला म्हणाले, "तुझं अक्षर आहे ते. तूच वाचून दाखवलंस तर होईल. येशील?" त्यांनी हुकूम केला नाही, विचारलं.

मी लग्न झाल्यापासून त्या गल्लीनं कधी चालले नव्हते. मामंजी पुढं, मी मागं. गर्दी बाजूला झाली. तुम्ही भिंतीशी बसला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. मी ठसा घेतला, चुलीतली काजळी पाण्यात कालवून त्याला लावली आणि अधिकाऱ्याच्या हातातल्या कागदावर दाबला. मग इंग्रजीतून म्हणाले, "साहेब, हे अक्षर माझं आहे. याचा अर्थ आनंद. हे लहान मुलांच्या भुईनळ्यांचं नाव आहे." माझं इंग्रजी कसं झालं असेल देव जाणे. त्यानं कागद वाचला. "डिलाइट," असं हळू म्हणाला. मला विचारलं, कुठं शिकलीस? सोलापूर, मी म्हणाले. त्यानं गर्दीला मागं सारलं. घराला कुणी हात लावला नाही. पण तुम्हाला त्यानं गाडीत घातलंच.

अकरा दिवसांनी तुम्ही परत आलात. अर्धे झाला होता, आणि शेवटपर्यंत न गेलेला तो खोकला बरोबर घेऊन आलात. आमच्या दुकानाच्या गोणीवर बसून म्हणालात, "बेटी, तुझ्या लफ्जानं आणलं."

मी म्हणाले, "नाही चाचा. नशीब. शेजारच्या गावातल्या ज्यांनी काहीच केलं नव्हतं, ते अजून आलेले नाहीत."

मी तेव्हा असं बोलायला नको होतं, एवढं कळतं. सुटून आलेल्या माणसाला तेवढं तरी मानू द्यायचं. आणि आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तुमच्या दारात जी गर्दी होती, तिच्यातले तिघं आमचे रोजचे गिऱ्हाईक. मामंजी अजून त्यांना माल देतात. तुम्हीही त्यांना रामराम करायचात. आम्ही कुणीच त्याबद्दल कधी बोललो नाही. मला त्याची लाज वाटते, चाचा. तुम्हाला ती दिसत असणार, म्हणूनच तुम्ही विषय काढला नाहीत.

नवं सरकार आलं, मुलींच्या शाळेसाठी बाई हवी म्हणून निरोप आला. मामंजी आठवडाभर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आमचे हे मालासाठी बार्शीला गेलेले, आणि गावी असते तरी वडिलांच्या पुढं बोलले नसते. तुम्ही खोकत खोकत आलात आणि म्हणालात, "आप्पा, दारूतला सोरा कोंडून ठिवला तर त्याला पाणी सुटतं. मंग त्यो फेकायच्या बी कामाचा ऱ्हात न्हाय." बाकी काही नाही. चहा घेऊन गेलात. दुसऱ्या दिवशी मामंजींनी दुकानातली कोरी वही आणि खडूचं खोकं माझ्यापुढं ठेवलं.

तुम्हाला शेवटचं भेटले ते दिवाळी झाल्यावर. तुम्ही बाजेवर होता, उशा लावून बसवलेलं. म्हणालात, "बेटी, तुला एक सांगायचं ऱ्हायलं..." आणि खोकल्याची उबळ आली. मी म्हणाले, "आज नको चाचा, दम लागतोय. उद्या सांगा." दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी ओसरीवर आले.

काय सांगायचं होतं ते आता कळायचं नाही. मला काय सांगायचं होतं ते मात्र मला ठाऊक आहे. तो शब्द तुम्ही कधी विचारला नाहीत, कारण तो खोक्यावर घालायचा नव्हता. परवा मीच कोशात पाहिला. इंग्रजीत आभार मानायला थँक म्हणतात. तो शब्द आणि विचार करणं हा शब्द मुळात एकच. आधी त्याचा अर्थ नुसता मनात आणणं एवढाच होता. आपल्या मराठीत आभार म्हटलं की अंगावर काही भार आल्यासारखं वाटतं, म्हणून तुम्हाला ते म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. नुसतं मनात आणणं मात्र मला जमण्यासारखं आहे. हे मी रोज करते.

तुमच्यातल्या रिवाजाप्रमाणे नवरा गेल्यावर चाचीला आता चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. शाळा सुटली की मीच जाते. ती भाकरी वाढते, मी खाते, दोघी फारसं बोलत नाही. काल मात्र तिनं ताट पुढं सरकवत विचारलं, "सूनबाई, खरं सांग. तू अन् हे, दुकानात बसून येवढं कशाला हसायचे गं? मला कधीच सांगितलं न्हाय. म्हणायचे, तुला न्हाय कळायचं."

तिच्या आवाजात थोडा रुसवा होता. चाचा, हे तुमचं चुकलं. मी तिला सुरुवातीपासून सांगायला बसले. एकेक शब्द, तुम्ही काय म्हणालात, मामंजी काय म्हणाले. ऐकता ऐकता ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग तोच पदर डोळ्यांना लावला. मी थांबले. चाचीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "थांबलीस का? फुडं सांग."